खडीसाखर आणि माझी सही

"थुंका! थुंकून टाका ती! अहो, ती साखर राहिलीच नाही आता, वाळू झाली वाळू!"

महाराज माइकवर ओरडले आणि मंगल कार्यालयातल्या सातआठशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अक्कलकोट रस्त्यावरचं हे कार्यालय. एप्रिलमधला रविवार, सकाळचे दहा वाजलेले, आणि बाहेर डांबर आत्ताच मऊ पडायला लागलेलं. लग्न नव्हतं, मुंज नव्हती, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. सोलापुरात इतके मधुमेही आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

चमत्कार असा होता. रांगेतून माणूस पुढे यायचा. महाराजांचा चेला त्याच्या जिभेवर खडीसाखरेचा खडा ठेवायचा. "गोड लागते?" "लागते की." मग माइकवरून गर्जना: "ही तुमच्या अंगातली साखर बोलतेय!" मग एक हिरवी गोळी. ती सावकाश चघळायची, जिभेवर चांगली घोळवायची, गिळायची. दोन मिनिटं डोळे मिटायचे. मग दुसरा खडा.

आणि माणसाचं तोंडच बदलायचं. बाई असो, बुवा असो, चेहरा बावचळून जायचा.

"काय लागतंय?"

"काहीच लागंना ओ! खडं चावल्यागत लागतंय!"

"मेली! साखर मेली!"

की पुन्हा टाळ्या, पुन्हा शिट्ट्या, बायकांचे डोळ्याला पदर.

या महाराजांचं नाव शिवराज. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ ठिबक सिंचनाच्या नळ्या विकत होता आणि बोलायला पहिल्यापासून पक्का होता. "डॉक्टर काय करतो? बोटाला टोचतो! का हो, तुम्ही लाडू बोटानं खाता का? साखर शिरते कुठून? जिभेतून! मग शत्रूला वेशीवर अडवायचं, का घरात घेऊन, चहा पाजून, मग मारायचं?" लोक हसायचे, माना डोलवायचे. कुणी म्हणत नव्हतं, की बाबा, शत्रू भाकरीतूनही शिरतो, भातातूनही शिरतो, आणि त्याला वेस लागत नाही. स्टेजच्या उजव्या हाताला एक मोठी लाकडी पेटी होती. तिच्यावर रंगानं लिहिलं होतं, 'टोचणारं सगळं इथे वाहा.' इन्शुलिनच्या सुया, पेनं, साखर मोजायची यंत्रं लोक त्यात टाकत होते. शिवाय आठ दिवसांचं व्रत होतं, अनवाणी राहायचं. का, तर जमिनीनं उरलेली साखर ओढून घ्यावी म्हणून. आता याला काय म्हणावं!

मी रसायनशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. माझं नाव प्रियदर्शनी, पण कॉलेजात सगळे मॅडमच म्हणतात. असल्या ठिकाणी मी एरवी फिरकत नाही. लोकांना चार शब्द सुनावल्याशिवाय मला राहवत नाही आणि मग घरचे म्हणतात, तुला सणावाराला कुठे न्यायची सोय नाही. तरी गेले, ते वीरभद्रप्पांमुळे.

वीरभद्रप्पा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. माझ्याआधी आठ वर्षं तिथे आहेत. मी नवीन होते तेव्हा काचेची नळी न फोडता कशी धुवायची हे मला त्यांनी शिकवलं. बाटली कुठलीही असो, तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर निळ्या शाईनं नाव लिहायचं ही त्यांची सवय. स्वतःच्या डब्यावरसुद्धा 'वीरभद्रप्पा' अशी चिकटपट्टी. नऊ वर्षं रोज इन्शुलिन घेत होते, दुपारी बरोबर एकला, बॅलन्स रूमच्या, म्हणजे वजनकाट्यांच्या खोलीच्या, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून.

"मॅडम, तुमी यायलाच पायजे," शनिवारी ते म्हणाले होते. "तुमचंच हाय की सगळं."

"माझं काय आहे त्यात?"

"या तर खरं. बघाल की."

मी बघितलं. शिवराज महाराजांच्या खुर्चीमागे सात रस्ता चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडून छापून आणलेला दहा फुटी फलक होता. वर महाराजांचा फोटो. खाली, माणसाएवढ्या आकारात, आमच्या कॉलेजच्या लेटरहेडवरचा एक अहवाल. '२.३१ टक्के' हे लाल रंगात. त्याच्या खाली एक वाक्य: 'तपासलेल्या सर्व नमुन्यांत या नमुन्यात उपयुक्त घटकाचं प्रमाण सर्वाधिक आढळलं.' आणि त्याच्याखाली, हाताच्या लांबीची, माझी सही.

मी ती सही दोनदा वाचली.

आता हे कसं झालं ते सांगते, आणि काही लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी मी रानातल्या औषधी वनस्पतींवर काम करत होते. जिल्ह्यात दहा ठिकाणी एक वेल मिळतो, गुडमार म्हणतात, खेड्यात बेडकीचा पाला म्हणतात. त्याच्या पानात एक घटक असतो, त्याच्यावर मधुमेहासाठी जगभर संशोधन चालू आहे. कुठल्या रानातल्या पानात तो किती, एवढंच मला मोजायचं होतं. पानं सावलीत वाळवायची, दळायची, अर्क काढायचा, यंत्रात सोडायचा. यंत्र घटक वेगवेगळे करून प्रत्येकाचा उंचवटा कागदावर काढतं, त्या उंचवट्यावरून प्रमाण कळतं. नऊ ठिकाणची पानं टक्क्याच्या आसपास आली. माळशिरसकडच्या डोंगरातला एक नमुना मात्र २.३१ टक्के. मी तीनदा मोजला, तीनदा तोच आकडा. काय आनंद झाला होता मला! पेपरात चौकोनी बातमी आली, प्राचार्यांनी पेढे वाटले.

मग शिवराज आला. तेव्हा तो महाराज नव्हता, शर्ट-पँटीतला इसम होता. "मॅडम, शेतकऱ्यांना या वेलाची लागवड करायला लावायची आहे. रिपोर्टची एक प्रत मिळेल का? आणि खाली सोप्या मराठीत एक वाक्य लिहून दिलंत तर लोकांना कळेल." मग माझी स्तुती केली, चांगली पंधरा मिनिटं केली. मला ती गोड लागली. मी वाक्य लिहिलं आणि 'उपयुक्त' हा शब्द माझ्या हातानं घातला. कशाला उपयुक्त, किती खाल्लं तर, कुणाला, हे मी तपासलंच नव्हतं. मी फक्त पानात किती आहे ते मोजलं होतं. पण शब्द चांगला दिसत होता.

स्टेजवरची हिरवी गोळी याच पाल्याची. आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. हा घटक जिभेवर काय करतो हे मला पाठ होतं. जिभेवर गोडी ओळखणारी जी ठिकाणं असतात, तिथे तो जाऊन बसतो आणि अर्धा-पाऊण तास हलत नाही. तेवढा वेळ साखरेची चव कळत नाही. खारट कळतं, आंबट कळतं, फक्त गोड कळत नाही. कुठल्याही शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात हे लिहिलेलं असतं. एम.एस्सी.च्या मुलांना मी हे दरवर्षी हसत हसत सांगते.

वीरभद्रप्पांना नव्हतं सांगितलं. तीन महिने त्यांनी तो पाला वाळवला, दळला, चाळला, आणि मी कधी त्यांना बोलले नाही की हे काय आहे. शिपायाला कोण सांगतं? एकदा ते चिमूटभर भुकटी तोंडाशी नेत होते. कुतूहल, दुसरं काय! मी केवढ्यांदा ओरडले! "वीरभद्रप्पा! प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालाल तर याद राखा!" त्यांनी हात झटकला, "चुकलं मॅडम" म्हणाले. नियम बरोबरच होता. पण नियमामागोमाग दोन वाक्यं बोलायला माझं काय जात होतं? त्या दिवशी समजावलं असतं, तर या स्टेजवरचा तमाशा बघून ते तोंडावर हात धरून हसले असते.

त्याऐवजी ते माझ्या डोळ्यांदेखत स्टेजवर चढले.

पहिला खडा. "गोड?" "हां, गोड." गोळी. दोन मिनिटं डोळे मिटून ते हात जोडून उभे. दुसरा खडा.

"अय्यो!" एवढंच आलं त्यांच्या तोंडून. मग ते रडायलाच लागले. नऊ वर्षं सुया टोचून पोटाला गाठी आलेला माणूस. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी इन्शुलिनचं पेन काढलं, साखर मोजायचं यंत्र काढलं, दोन्हींवर त्यांच्या अक्षरातली चिकटपट्टी, आणि दोन्ही पेटीत टाकलं. पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. खाली येताना त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी फलकाकडे बोट दाखवलं, मग मला हात जोडले.

मी काय केलं? उठून माइक हिसकावला? नाही. फलकावर माझं नाव होतं, उद्या पेपरात आलं तर कॉलेज काय म्हणेल, प्राचार्य काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात होतं. उद्या सोमवार आहे, लॅबमध्ये निवांत सांगू, असं मनाशी म्हटलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले. लाज वाटते सांगायला, पण घरी जाऊन मी दुपारची झोपसुद्धा काढली.

सोमवारी वीरभद्रप्पा आलेच नाहीत. आठ दिवसांची रजा टाकून अक्कलकोट तालुक्यात लेकीकडे गेले होते. मी फोन लावला, उचलला नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. संध्याकाळी परत लावू म्हटलं. संध्याकाळी लावला नाही. मंगळवारी मुलांच्या परीक्षा होत्या. बुधवारी, गुरुवारी काय होतं ते आता आठवतही नाही, म्हणजे फारसं काही नसणारच.

शुक्रवारी त्यांच्या लेकीचा फोन आला. दाक्षायणी तिचं नाव. मी तिला लहानपणापासून ओळखते, लॅबमध्ये यायची, काचेच्या गोट्या मागायची.

"मॅडम, बापाला दवाखान्यात आणलंय. साखर पाचशेच्या वर गेली. शुद्धीत न्हाय. पाय भाजलाय."

"पाय भाजला? कशानं?"

"डांबरी रस्त्यानं अनवाणी हिंडला ओ. साखरेनं पायाला काही कळतच न्हाय त्याला. फोड आले, फुटले, चिघळले, तरी म्हणतोय साखर मेली आता जखम आपोआप बरी होणार." मग ती थांबली. "मी म्हटलं, अप्पा, सुई घे. तर मला म्हणतोय, मॅडमची सही हाय. मॅडम खोटं लिहीत न्हायत."

मी दवाखान्यात गेले. दाक्षायणी बाकावर बसली होती. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल की नाही आत्ता सांगता येत नाही, दोनतीन दिवस बघू. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्याशेजारी बसले. शेवटी तिनंच विचारलं, "तुमाला ठाऊक व्हतं का मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. बरोबरच केलं तिनं.

शनिवारी पहाटेची एस.टी. धरून मी माळशिरस तालुक्यात गेले. तो २.३१ टक्क्याचा वेल मला दोन वर्षांपूर्वी केराबाईनं दाखवला होता. केराबाई धनगराची म्हातारी, साठीपुढची, तीस-पस्तीस शेरडं घेऊन डोंगरकडेला असते. मला ताजा पाला हवा होता. महाराजांचा कार्यक्रम दर रविवारी असायचा; उद्या त्या स्टेजवर चढायचं हे ठरलं होतं, फक्त काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

मी सगळं सांगितलं. म्हातारी आधी हसलीच. "आगं बया! ह्या पाल्याचा द्येव केला व्हय त्येनं? आमी पोरं व्हतो तवा शेरडामागं ह्योच ख्येळ. पाला चावायचा न् गुळाचा खडा खायाचा. ज्येला गोड लागंल त्यो हारला. येडू म्हणून माजा भाऊ व्हता, त्यो तर अर्द्याच जिबंला पाला चोळायचा. हिकडनं गोड, हिकडनं माती. लई हसायचो."

"अर्ध्या जिभेला?"

"व्हय की."

मी तिथल्याच एका दगडावर बसले. बावीस वर्षं शिकवते, पानातला घटक दोन दशांश स्थळांपर्यंत मोजते, आणि ही अक्कल मला सुचली नव्हती.

मग केराबाई हसायची थांबली. "त्यो शिवराज माज्याकडनंच पोतं भरून न्हेतो पाला. म्हणला, शेरडाच्या औशदाला पायजे. मी बी दिला. त्या मानसाचा पाय गेला तर माज्या बी माथ्यावर हाय की."

"तुम्हाला काय माहीत होतं, केराबाई?"

"न्हवतं. पर इचारलं बी न्हाय." काठी टेकत ती उठली. "मी येते उद्या. शेरडं सून बघंल."

रविवारी आम्ही कार्यालयात शिरलो तर गर्दी गेल्या खेपेपेक्षा जास्त. शिवराज महाराजांनी मला लांबून ओळखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघा! बघा कोण आलंय! ज्यांच्या यंत्रानं हे पान सिद्ध केलं, त्या आपल्या मॅडम! या मॅडम, दोन शब्द बोला!" स्वतः माइक आणून माझ्या हातात दिला. एवढं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं.

"मागच्या फलकावरची सही माझी आहे," मी म्हटलं. टाळ्या पडल्या. "थांबा. टाळ्या नकोत. तो आकडाही खरा आहे. पानात तेवढा घटक आहे. पण पानात किती आहे ते मी मोजलं. तुमच्या रक्तातली साखर त्यानं जाते का, हे मी मोजलेलं नाही. या गोळीनं ती जाते असं कुणीही दाखवलेलं नाही. 'उपयुक्त' हा शब्द मी विचार न करता लिहिला. आमचे वीरभद्रप्पा गेल्या रविवारी इथे उभे होते, माझी सही बघून त्यांनी इन्शुलिन सोडलं. आज ते दवाखान्यात आहेत आणि त्यांचा पाय वाचेल की नाही माहीत नाही."

शिवराजनं दुसरा माइक उचलला. धंद्याचा माणूस, गडबडला नाही. "मॅडम शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या मनात शंका येणारच. शंकेनं साखर परत जिवंत होते. वीरभद्रप्पांच्या मनात शंका आली असणार!"

"शंका घेणं ही माझी नोकरी आहे," मी म्हटलं, "आणि वीरभद्रप्पांनी जर थोडी घेतली असती तर बरं झालं असतं. पण आता शंका नको, खेळ खेळू. ज्याला मधुमेह नाही असा कुणी आहे का इथे?"

पुढच्या रांगेतून मिशाळ गृहस्थ उठले. मानसिंग, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. "मला साखरबिखर काय न्हाय. मी हिला घेऊन आलोय." शेजारी बायको बसली होती, मुक्ताबाई, हातात सुयांची पिशवी, पेटीत टाकायला आणलेली.

केराबाई पुढे झाली. मानसिंगरावांना जीभ बाहेर काढायला लावली. पदरानं ती कोरडी पुसली, पानाचा लगदा बोटावर घेतला आणि उजव्या बाजूला, फक्त उजव्या बाजूला, रगडून चोळला. मोठे मिशाळ ड्रायव्हर जीभ बाहेर काढून दोन मिनिटं उभे राहिले तेव्हाच लोक हसायला लागले होते. मग तिनं खडीसाखरेचा खडा आधी डाव्या कडेला लावला.

"ओड ए," मानसिंगराव जीभ बाहेर ठेवूनच म्हणाले.

मग उजव्या कडेला. त्यांचे डोळे मोठे झाले. जीभ आत घेऊन ते ओरडले, "आयला! हिकडनं काहीच न्हाय की! अर्दी जीभ गोड, अर्दी माती!"

केराबाई शिवराजकडे वळली. "काय ओ म्हाराज? ह्येच्या अंगात साखर न्हवतीच, मग मेली ती कुणाची? आन् मेली ती बी अर्दीच?"

कार्यालय हशानं दणाणलं. त्या हशात शिवराजचा आवाज कुठल्या कुठे गेला. तो काहीतरी म्हणत होता, अर्धनारी, अर्धशक्ती, असलं काहीतरी, पण लोक पाला मागायला पुढे आले होते. केराबाईच्या पिशवीतून पानं वाटली गेली. अर्धी जीभ पुसून घेणं, चोळणं, खडा लावणं. तरणी पोरं, म्हाताऱ्या, शिवराजचा एक चेलासुद्धा. जो तो "हिकडनं माती" म्हणून ओरडत होता.

"जिभेचं कळलं," मी माइकवर म्हटलं. "आता रक्ताचं बघू. ती पेटी उघडा."

चेले नको म्हणत होते. मानसिंगरावांनी पेटी उपडीच केली. सुया, पेनं, यंत्रांचा ढीग. त्यात मला पांढरी चिकटपट्टी दिसली, निळ्या शाईत 'वीरभद्रप्पा'. यंत्राच्या पिशवीत रक्त घ्यायच्या पट्ट्या आणि कोऱ्या सुयाही जागच्या जागी होत्या. नीटनेटका माणूस. मी तेच यंत्र उचललं.

मी स्वतःचं बोट टोचलं. मुक्ताबाईंना आकडा वाचायला सांगितला. "चौऱ्याण्णव." मग मी पान तोंडात घातलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी नमुना तोंडात घातला. कडू, तुरट. चावला, जिभेवर फिरवला. मग ग्लासभर पाण्यात मूठभर साखर विरघळवून सगळ्यांसमोर प्यायले. साध्या पाण्यासारखं लागलं. खरंच लागलं, आणि क्षणभर मला वीरभद्रप्पांचा चेहरा कळला. माहीत असूनही अंगावर काटा येतो. ज्याला माहीत नाही त्यानं काय करावं?

पाऊण तास थांबायचं होतं. त्या पाऊण तासात लोकांनी मला सोडलं नाही.

"गेल्या रविवारी तुमी हितंच व्हता की! मी बघितलं तुमाला. तवा का गप बसला?" मुक्ताबाईंनीच विचारलं.

"भीती वाटली. नाव खराब होईल म्हणून."

"आन् त्या मानसाचा पाय?"

मी मान खाली घातली. माइक चालूच होता.

पाऊण तासानं पुन्हा बोट टोचलं. मुक्ताबाईंनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. "एकशे एक्कावन्न."

"जिभेला पाणी लागलं," मी म्हटलं, "पण रक्तात साखर गेलीच. जीभ झोपली म्हणून साखर थांबत नाही. आंधळ्याला दिसत नाही म्हणून समोरून येणारी गाडी थांबते का?" कुणी हसलं नाही आता. ज्यांनी गेल्या महिन्यात सुया वाहिल्या होत्या ते ढिगात आपापलं शोधायला लागले. शोधता शोधता कुणाच्या तरी लक्षात आलं की स्टेज रिकामं आहे. शिवराज मागच्या दारानं गेला होता. गेल्या रविवारी मी गेले होते त्याच दारानं.

पुढे मी तक्रार दिली, पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला, त्याला पकडलं. ते कोर्टाचं काम, चालू आहे. मी प्राचार्यांना स्वतः सगळं लिहून दिलं. तो फलक मी घरी आणला, तो अजून माझ्या कपाटामागे गुंडाळून उभा आहे. फेकवत नाही.

वीरभद्रप्पांचं डावं पाऊल पुढून अर्धं कापावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा: "मॅडम, आकडा चुकला व्हता का?"

"नाही. आकडा बरोबर होता."

"मग मी कुटं चुकलो?"

"तुम्ही नाही चुकलात," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. दाक्षायणी खिडकीशी उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

ऑगस्टमध्ये ते कामावर परत आले, विशेष बूट आणि काठी घेऊन. आता ते दुपारी एकला सुई घेतात, भिंतीकडे तोंड करून नाही, माझ्या टेबलाशेजारी. त्या पहिल्या दिवशी मी त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं. पान दिलं, सांगितलं, अर्ध्या जिभेला चोळा. मग चिमूटभर साखर दिली, आणि जे दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. घटक काय, जिभेवर कुठे बसतो, किती वेळ बसतो, रक्ताशी त्याचा काय संबंध आहे आणि काय नाही. पाच मिनिटं लागली. फक्त पाच मिनिटं.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगते. कुणी बाबा चमत्कार दाखवील तेव्हा शंका घ्याच, पण कुणी शहाणा माणूस सहीचा कागद दाखवील तेव्हाही घ्या. कागदावर आकडा असेल तर विचारा, हा कशाचा आकडा, कुणी मोजला, आणि यानं माझं काय होणार हे मोजलंय का? औषध सोडायचं असेल तर आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका, मग जीभ काहीही सांगो. आणि तुम्ही शिकलेले असाल, तर तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला, जो तुमच्यासाठी पाला दळतो, बाटल्या धुतो, त्याला सांगा. त्यानं विचारायची वाट बघू नका.

वीरभद्रप्पांनी त्या दिवशी साखर जिभेच्या डाव्या बाजूला नेली, मग उजव्या बाजूला. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"एवढंच व्हतं व्हय, मॅडम?" ते म्हणाले.

"हो. एवढंच."

मग त्यांनी काठी घेतली आणि नळ्या धुवायला आत गेले.